तीन माइक, एक हाक

मला लहानपणी एक नाव होतं. त्या नावानं मला हाक मारणारं आता जगात एकच माणूस आहे, आणि त्या माणसाचा आवाज गेला आहे. ते नाव मी इथं लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही, ते आक्काच्या तोंडातच शोभायचं. पहिलं अक्षर ती दातांत धरायची आणि पुढचं सगळं विहिरीत बादली सोडावी तसं सोडून द्यायची.

आक्का माझी थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ती बारा वर्षांची असताना लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तंबाखू चाळत राहिली. तिच्या जिवावर मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले आणि शहाणी झाले. किती शहाणी, ते सांगते. वखारीत चाळण्यांचा दणका आणि धुळीमुळं तोंडावर बांधलेला पदर, त्यामुळं तिथल्या सगळ्याच बायका ओरडून बोलायच्या. आक्का घरीही तशीच बोलायची. ती आमच्या शाळेत मला भेटायला आली की दोन वर्गांपलीकडं कळायचं. मी तिला व्हरांड्यात घेऊन जायची आणि म्हणायची, "हळू बोल गं जरा. आणि 'मी आलो' काय, 'मी आले' म्हणावं." ती हसून म्हणायची, "बरं बाई, मी आले. आता जातो." माझं वय तेव्हा बावीस. अक्कल गुडघ्यात होती, पण शुद्धलेखन पक्कं होतं.

त्याच वर्षी मी तिला लिहायला शिकवायचं मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी निपाणीला पाटी-पेन्सिल घेऊन जायची. पेन्सिल ती मुठीत धरायची, झाडूसारखी. बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली, पाटीवर तसेच ठसे. मी पाटी ओल्या फडक्यानं पुसायची आणि नाक मुरडायची. असे आठ आठवडे झाले. नवव्या आठवड्याला मी म्हटलं, "तुझ्यानं व्हायचं नाही आक्का." ती म्हणाली, "नगो मग. तू शिकलीस न्हवं, झालं की." मला इतकं हलकं वाटलं की येताना बसमध्ये मी झोपले. पुढं छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना ग म भ न गिरवायला लावलं, सत्काराची शालही घेतली. घरातला एक विद्यार्थी नापास करून ठेवला होता, ते भाषणात सांगायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी आक्काचा आवाज बसला तो बसलाच. तिला मूलबाळ नाही, दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मी तिला निपाणीहून घरी आणलं आणि इथल्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "अज्जी, तंबाखू खाता का?"

"खात न्हाय," आक्का म्हणाली. "चाळत हुतो."

मग तपासण्या झाल्या आणि त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली, तर आक्का म्हणाली, "हिला काय सांगतासा? गळा माझा हाय." तेव्हा त्यांनी तिलाच सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला खाली भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. बोलता येणार नाही.

"जेवता येतंय न्हवं?"

"येईल."

"मग काढा."

ऑपरेशनला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. रिक्षा टिळकवाडीच्या फाटकाशी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आयुष्यभर जिला हळू बोल म्हणून सांगितलं, ती आता कायमची माझं ऐकणार होती.

माझी नात, मुलाची मुलगी, बेंगळुरूला आवाजाचं काम करते. म्हणजे सिनेमातले आणि खेळांतले आवाज कुठून आल्यासारखे वाटावेत ते ठरवणं, असं मी शेजाऱ्यांना सांगते आणि त्यांना कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मी फोनवर तिला मोठ्या आज्जीचं, म्हणजे आक्काचं, सांगितलं तर ती रडली नाही, म्हणाली, "आज्जी, मी येतो. तिचा आवाज घेऊन ठेवू. साधा न्हाय, नीट." ती आली ती दोन काळ्या बॅगा घेऊन.

"साधा न्हाय म्हणजे काय?" मी विचारलं.

"फोनवर घेतला तर तो सपाट येतो. हेडफोन लावलास की मोठी आज्जी तुझ्या कवटीच्या आत बोलल्यागत वाटतंय. मला ती तुझ्या शेजारी बसवायचीय. तू डोळे मिटलेस की ती डावीकडं, हातभर अंतरावर, अशी."

डावीकडं, कारण आक्का कायम माझ्या डावीकडंच. लहानपणी अंथरुणात डावीकडं, शाळेत सोडायला यायची तेव्हा डावीकडं, आणि आताही हॉलमधल्या कॉटवर ती आणि तिच्या उजव्या हाताला माझी खुर्ची. ते नाव मी आजवर डाव्या कानानंच ऐकलं आहे. मला तीच एक गोष्ट हवी होती. वखारीच्या गोष्टी, जुनी गाणी, आईच्या आठवणी, ते सगळं नातीला हवं होतं. मला फक्त ती हाक हवी होती, डावीकडून, एकदा. मी नातीला तसं सांगितलं, आणि सांगताना लाजले. एकाहत्तराव्या वर्षी.

नातीनं तीन तऱ्हांनी आवाज घ्यायचं ठरवलं. पहिला माइक म्हणजे हरभऱ्याएवढ्या दोन बिया, त्या तिनं माझ्या दोन्ही कानांत बसवल्या. त्याला ती बायनॉरल म्हणायची. माझे कान जे ऐकतील तेच तसंच्या तसं टिपलं जाणार, माझ्या डोक्याच्या आकारासकट, कारण डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला पोचताना डोक्याला वळसा घालून जातो आणि त्यावरूनच आपल्याला दिशा कळते. दुसरा माइक समोर, दाराजवळ, तीन पायांच्या तिकाटण्यावर. एकाच बोंडाला चार तोंडं, चार दिशांना. तो ॲम्बिसॉनिक. त्याला डोकं नाही, कान नाहीत, खोलीतलं सगळं सगळीकडून सारखं गोळा करतो, आणि नंतर कॉम्प्युटरवर त्याचं तोंड हवं तिकडं फिरवता येतं. तिसरा म्हणजे नातीचा फोनच, आक्काच्या मांडीशेजारी उशीवर ठेवलेला, काही चुकलं तर हाताशी असावा म्हणून.

"आज्जी, तुझं काम एकच," नात म्हणाली. "डोकं हलवायचं न्हाय. तू मान वळवलीस की ऐकणाऱ्याचं घर फिरतंय."

"छत्तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांना हलू दिलं नाही मी," मी म्हटलं. "मला शिकवतीस?"

आक्का कॉटवरून बघत होती. कानात बिया घालून ताठ बसलेली मी तिला मजेशीर दिसत असणार. "हिला कुणीतरी फोटो काढायला बसवलंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लग्नात बी अशीच बसलती. हसली न्हाय."

नातीनं पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिजचं बटण बंद केलं. मग मला म्हणाली, एक टाळी वाजव. तिन्ही माइकांत ती टाळी उमटणार आणि नंतर तिन्ही फाइली त्या टाळीवर जुळवायच्या. मी आरतीला वाजवावी तशी वाजवली आणि सुरू झालं.

आक्का आधी बोलेना. मग बोलायला लागली ती थांबेना. वखारीत पहिल्या दिवशी शिंकून शिंकून पडली ते, सरकी घालून केलेल्या भाजीच्या डब्याचं, दाजी बघायला आले तेव्हा हिच्या हाताला वास येतो म्हणून आईनं चुलीतली राख चोळली ते. आवाज फाटका, मध्येच नुसती हवा यायची. मी खांबासारखी बसलेली. अर्धा तास होत आला. हाक काही येईना. मी तिला आधी सांगून ठेवलं होतं, त्या नावानं हाक मार म्हणून. ती म्हणाली होती, "लोकांत कशाला? आणि मागून काय मिळतंय व्हय ते?"

आणि मग दारात खोकला आला.

आप्पांचा खोकला. आप्पा माझे थोरले दीर, नव्वदीच्या पुढं, खालच्या मजल्यावर राहतात. घर इतकं शांत कसं हे बघायला काठी टेकत वर आले होते. त्यांना सांगायला कुणालाच सुचलं नव्हतं.

आता इथं माझी फजिती सांगायची आहे. आप्पांनी वीस वर्षांपूर्वीच मला सांगितलं होतं, "आता माझ्यापुढं पदर घेत बसू नगो, तुला बी नातवंडं झाली." मी त्याच्याही आधी महिला दिनाला शाळेत भाषण केलं होतं, डोक्यावरचा पदर म्हणजे काय आणि तो का टाकावा यावर. टाळ्या पडल्या होत्या. नवी सून असताना हे भाषण मी मनात हजारदा केलं होतं. आणि दारात थोरल्या दिरांचा खोकला आल्याबरोबर माझे दोन्ही हात वर गेले आणि पदर डोक्यावरून, दोन्ही कानांवरून, पार हनुवटीपर्यंत आला. मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदाच घेतला, आणि तोही त्या क्षणाला.

आक्का हसली. हसून, पुढं वाकून, मला त्या नावानं हाक मारून म्हणाली, "अगं, पदर कशाला घेतीस आता, म्हातारे."

मग तिला ठसका लागला आणि रेकॉर्डिंग तिथंच संपलं. ठसका थांबल्यावर तिचा आवाज इतका गेला की पुढच्या दिवसांत ती कुजबुजण्यापलीकडं बोलली नाही. डॉक्टरांनी एक तारीख मोकळी झाली म्हणून ऑपरेशन आधीच घेतलं. शुद्धीवर आल्यावर तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि नर्स म्हणाली, "अज्जी, माताडबेड्री." बोलू नका. आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला कन्नड येतं, ती हसायला बघत होती. खांदे हलले, आवाज आला नाही. तिचं हसणं आता असं असतं, खिडकीबाहेर कुणीतरी हसावं आणि काच लावलेली असावी तसं.

पुढं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं. तिनं लावून पाहिलं, त्यातून चक्कीच्या मोटारीसारखा स्वर आला. तिनं ते बंद केलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कॉटखाली सरकवली. बोलण्यासाठी गळ्यात झडप बसवता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण तिचं वय आणि तिची छाती बघून तेच पुन्हा नको म्हणाले. मी पाटी काढली. खरंच काढली, नातवंडांची जुनी होती माळ्यावर. तिच्या हातात पेन्सिल दिली. तिनं ती मुठीतच धरली. मी तिचा हात धरून 'पा' काढला, पाण्याचा. तिनं पाटी माझ्याकडं ढकलली आणि मान हलवली. नवव्या आठवड्याला मी जे म्हटलं होतं ते तिनं मला न बोलता परत दिलं. मग आम्ही ठरवलं, काही लागलं की टाळी वाजवायची. तिनं टाळी वाजवायची, मी यायचं.

नात बेंगळुरूला गेली आणि तीन फाइलींशी झगडत बसली. सुट्टी मिळाली की इथं यायची, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि माझ्या डोक्यावर हेडफोन ठेवायची.

कानातल्या माइकांची फाइल आधी ऐकवली. काय सांगू. अर्धा तास आक्का माझ्या डावीकडं बसलेली, हात पुढं केला तर तिच्या लुगड्याला लागेल. मग लांब आप्पांचा खोकला, आणि मग पोतं फरपटत न्यावं तसा आवाज. सुती पदर माइकावरून घासलेला. त्याच्या खाली कुठंतरी काहीतरी गुणगुणल्यासारखं. ती हाक.

"हे साफ होईल न्हवं?" मी विचारलं.

"कापडाचा आवाज आणि तिचा आवाज एकाच जागेत बसलेत आज्जी. एक काढला की दुसरा जातोय."

चार तोंडांच्या माइकात हाक होती, पण तो माइक दाराजवळ होता आणि त्याला सगळे सारखे. नेमकी त्याच क्षणी आप्पांची काठी फरशीवर टेकली होती. नातीनं कॉम्प्युटरवर त्याचं तोंड आक्काकडं फिरवलं, काठी थोडी मागं गेली, पण आक्का पण बारीक झाली. फोनमध्ये हाक स्वच्छ होती. एकेक अक्षर. पण सपाट. हेडफोन लावला की कपाळाच्या मागं, दोन भुवयांच्या मध्ये. आक्का तिथं कधीच बसली नव्हती.

मग जोडायचं ठरलं. शब्द फोनचे, खोली चार तोंडांच्या माइकाची, आणि हाकेच्या आधीची नि नंतरची जागा माझ्या कानांची. पहिल्यांदा तिनं तिन्ही एकमेकांवर ठेवून ऐकवलं तर आक्का तीन झाल्या. एक कपाळात, एक दाराजवळ, एक पदराखाली, आणि तिघी मिळून रांजणात तोंड घालून बोलल्यासारख्या.

"टाळीवर जुळवलंस न्हवं?"

"जुळवलं. पण फोनचं घड्याळ आणि माझ्या यंत्राचं घड्याळ सारखं चालत न्हाय. टाळीला दोघं एकत्र निघाले, हाकेपर्यंत फोन मागं पडला." तिनं ते ताणून जुळवलं. त्याला दोन दिवस गेले.

मग प्रश्न डोक्याचा आला. चार तोंडांच्या माइकाला डोकं नाही, म्हणून ते हेडफोनवर ऐकायचं तर कुणाचं तरी डोकं मधे घालावं लागतं. कॉम्प्युटरात मापं घेऊन ठेवलेली डोकी असतात. त्यांतलं एक घालून तिनं ऐकवलं, आणि आक्का वरून बोलली.

"ही माळ्यावर कशाला चढली?" मी म्हटलं.

"कुणाचं तरी परदेशी डोकं हाय आज्जी ते. तुझे कान वेगळे."

मग नातीनं शिवणाची टेप आणून माझ्या डोक्याचा घेर घेतला, कानापासून कानापर्यंत, वरून आणि मागून. अंबाडा सोडायला लावला. माझ्या कानांचे फोटो काढले. आक्का कॉटवरून बघत होती, खांदे हलत होते. मापं घालून ऐकवलं तर आक्का माळ्यावरून उतरली, पण आता पाठीमागून बोलायला लागली. अर्धा तास माझ्या शेजारी, हाकेपुरती मागं, आणि परत शेजारी. एकाच फाइलीत माझी दोन डोकी. एक खरं, एक टेपनं मोजलेलं. ती एकमेकांत बसेनात.

नात हरली असं मला वाटलं. मी तिला म्हटलंही, पुरे आता. पण तिच्या डोक्यात आणखी एक होतं.

ती पुढच्या खेपेला एक स्पीकर घेऊन आली, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा. म्हणाली, फोनमधली हाक ह्या स्पीकरमधून वाजवायची, स्पीकर बरोबर मोठ्या आज्जीच्या जागी ठेवायचा, तिच्या तोंडाच्या उंचीवर. आज्जी, तू तुझ्या खुर्चीत बस, कानांत तेच माइक. म्हणजे हाक परत एकदा त्याच खोलीतून, त्याच दिशेनं, तुझ्याच कानांत येईल. ते मी पदराच्या जागी बसवतो. एक डोकं, एक खोली.

"मग आधीच का न्हाय केलंस?"

"स्पीकरचा आवाज माणसाचा नसतोय गं. म्हणून टाळत होतो."

आक्काच्या जागेवर आक्का बसलेली होती. नात तिच्याजवळ गेली, "मोठी आज्जी, थोडं सरकतीस?" आक्का पायथ्याला सरकली. तिच्या जागी स्टूल, स्टुलावर दोन जाड वह्या, त्यावर स्पीकर. पंखा बंद, फ्रिज बंद. आप्पांना ह्या वेळी सांगून ठेवलं होतं, ते खाली दाराला कडी लावून बसले होते. पदर मी कमरेला खोचला होता. मी टाळी वाजवली.

स्पीकरमधून आक्कानं मला हाक मारली.

पहिल्यांदा मारली तेव्हा डोळ्यांच्या कडेला मला हालचाल दिसली. हाक दबली. नात म्हणाली, "मोठी आज्जी, हात काढ." आक्कानं स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला होता. जसा ती आजकाल गळ्यावर ठेवते तसा, आत काही हलतंय का बघायला. स्पीकर हलत होता. गळा हलत नव्हता. तिनं हात काढला असावा. मला दिसलं नाही, कारण मी मान वळवली नाही. डोकं हलवायचं नव्हतं. दुसऱ्यांदा हाक आली, तिसऱ्यांदा आली, पाच वेळा आली, आणि पाचही वेळा मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ताठ बसून राहिले. पहिल्या वेळी मला हे जमलं नव्हतं. ह्या वेळी अगदी उत्तम जमलं. माझ्या डावीकडं माझी बहीण स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती आणि मी शहाण्या मुलीसारखी मान सरळ ठेवली.

संपल्यावर वळून बघितलं तर ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली होती.

फाइल मात्र झाली. नातीनं पाठवली, हेडफोनही ठेवून गेली होती. एका दुपारी आक्काला औषध देऊन, उशी नीट करून मी माझ्या खुर्चीत बसले आणि लावली. टाळी. मग आक्का बोलायला लागली. शिंका, डबा, राख. आप्पांचा खोकला. आणि मग डावीकडून, हातभर अंतरावरून, दातांत धरलेलं पहिलं अक्षर आणि मग बादली सोडल्यासारखं बाकीचं. जोड कुठं आहे ते कळलं नाही. नातीला मनात शाबासकी दिली. परत मागं घेतलं. परत. तिसऱ्यांदा ऐकताना मला मध्येच डावीकडून बारीक टाळी ऐकू आली, आणि मी मनाशी म्हटलं, बघा, पोरीनं टाळीसुद्धा जागच्या जागी ठेवली. परत एक आली. परत एक. मी डोळे मिटून हसत होते.

चौथ्यांदा लावायला डोळे उघडले तेव्हा बघितलं.

तिच्या गळ्यातली नळी चिकट कफानं भरली होती. चेहरा काळवंडलेला. दोन्ही तळवे लाल. मी हेडफोन फेकला, कफ ओढायचं सक्शनचं यंत्र लावलं, नर्सनं शिकवलेलं सगळं केलं, दोनदा नळी चुकली. मग घरघर झाली आणि हवा गेली आत. आली बाहेर. तिच्या हातून तांब्या कलंडला होता, माझ्या पायाखाली पाणी होतं, ते मला तेव्हा कळलं. तांब्या पडल्याचाही आवाज मला आला नव्हता. मी तिला म्हटलं, "आक्का, मला वाटलं फाइलीतली टाळी." तिनं ऐकलं. तिच्याकडं त्यावर म्हणायला काहीतरी असणार. तिच्याकडं नेहमीच असायचं.

त्या दिवसापासून ती टाळी वाजवत नाही. मी दोनदा सांगितलं, वाजव म्हणून. तिचे हात धरून एकमेकांवर वाजवून दाखवले. तिनं हात मांडीवर ठेवले. घंटा आणून दिली, ती उशाशी तशीच आहे. तिला काही लागलं की ती माझ्याकडं बघत राहते, मी बघेपर्यंत. म्हणून आता मी खुर्ची तिरकी करून, मान डावीकडं वळवून बसते. भाजी निवडताना, पेपर वाचताना, सगळं तसंच. मान दुखते. हेडफोन कपाटात साड्यांखाली आहे.

नातीचा फोन येतो. विचारते, "आज्जी, ऐकतीस न्हवं ते?"

"रोज ऐकतो की," मी म्हणते. आताशा मीही तसंच बोलते.

"आणि बरोबर डावीकडंच येतंय न्हवं?"

"व्हय गं. अगदी शेजारी."

आक्का शेजारून बघत असते. मी खोटं बोलते हे तिला ठाऊक आहे, आणि मला पकडून द्यायला तिच्याजवळ काहीच नाही.